शेड्यूल : एका शब्दाची झडती


सातवीत होतो. मास्तर कागद घेऊन वर्गात आले आणि म्हणाले, 'शेड्यूलवाले उभे राहा.' आम्ही सहा पोरं उभी राहिलो. बाकीचा वर्ग टकामका बघत बसला. तेव्हापासनं हा शब्द माझ्या मानेवर बसला होता. मोठेपणी मी त्याची झडती घेतली.

मूळ शब्द लॅटिन. अर्थ, कागदाचा चिटोरा. पुढं इंग्रजीत कायद्याला जोडलेल्या यादीला शेड्यूल म्हणू लागले. एस.टी. डेपोत गाड्यांचा तक्ता तो शेड्यूल. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या दुसऱ्या शेड्यूलात जिचं नाव, ती शेड्यूल्ड बँक. ती तर हा शब्द पाटीवर मिरवते! आपली मराठीसुद्धा घटनेच्या आठव्या शेड्यूलात आहे. मग मान खाली घालायची ती फक्त आम्हीच का?

आता आपलं बघा. सरकारी कागदावर आपण आधी 'डिप्रेस्ड क्लासेस'. हे नाव अपमानाचं आहे, ते बदला, असं बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेच्या वेळीच बजावलं होतं. १९३१ च्या शिरगणतीत आपण 'बाह्य जाती' झालो. १९३२ च्या पुणे कराराने प्रांतांच्या कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या. त्या कुणाच्या, हे सांगायला यादी लागली. १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आलं, १९३६ च्या हुकुमानं जातींची यादी निघाली. म्हणजे हा चिटोरा कुणी दयेनं दिलेला नाही. भांडून घेतलाय. म्हणूनच १९४२ साली नागपुरात बाबासाहेबांनी तोच शब्द पक्षाच्या नावात घेतला. आपल्या म्हाताऱ्यांची शेकाफे ती हीच.

पण यादी जशी आत घेते, तशी बाहेरही ठेवते. १९५० च्या हुकुमात अट होती, हिंदू असाल तरच. १९५६ साली शीख आत आले. त्याच साली आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या यादीबाहेर पडलो. गावानं विटाळ पाळायचं सोडलं नाही, यादीनं मात्र आपल्याला सोडलं. परत आत यायला १९९० उजाडलं. चौतीस वर्षं! ख्रिस्ती, मुसलमान झालेले आपले भाऊ अजून बाहेरच आहेत. त्यांचा प्रश्न आपण नाही तर कोण मांडणार?

तेव्हा पोरांनो, पुन्हा कुणी 'शेड्यूलवाले' म्हणून हाक मारली, तर ताठ उभे राहा. आणि यादी कुणी केली, कशासाठी केली, ते त्याला तिथंच सांगा.

जयभीम.