दहा श्वास, एक मणी

आपल्या विठ्ठलवाडीत आशाताई बाळंतिणीच्या घरी येते आणि बाळाचं पोट वरखाली होताना मिनिटभर बघत बसते. ही कसली तपासणी, असं आजीबाईंना वाटतं. या घरभेटीची मुळं गडचिरोलीत आहेत.

तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था न्यूमोनियानं दगावणारी मुलं पाहत होती. डॉक्टर लांब. गावात सुईणी होत्या, पण अनेकींना दहा-बाराच्या पुढे मोजता येईना. मग मणी आणि वाळूचं घड्याळ बसवलेली साधी पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. निरक्षर बायांनी हे निदान केलं, आम्हाला तर हेच मोठं वाटतं.

१९९५पासून ३९ गावांत आरोग्यदूत बायका घरोघरी नवजात बाळांचं वजन, ताप, श्वास तपासून नोंदवू लागल्या, औषधही देऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. २०११मध्ये हे घरभेटीचं काम देशभरच्या आशांकडे आलं.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर पुन्हा मोजा. तेवढेच भरले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.