नोव्ह्याचा वेढा

अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाडचें वर्णन केलें, तेव्हां वाशीम सरकारापाशीं येतांच त्याला हटकरांची दखल घ्यावी लागली. हे लोक मानी, कोणास न जुमानणारे, आणि एक हजार स्वार व पांच हजार पायदळ बाळगणारे असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. परगण्यांचा आकार दामांत मोजणाऱ्या ग्रंथकारानें या डोंगरी लोकांची मोजदाद हत्यारांत करावी, यांतच पुढील दोन शतकांची कथा आली.

वाशिमाच्या दक्षिणेस पैनगंगेपर्यंत डोंगर व झाडी आहे. तेथील घाटवाटा नाइकांच्या हातीं. जो वाट राखतो तोच ती अडवूंही शकतो, हें प्रत्येक सत्तेला ठाऊक होतें. त्यांतच वऱ्हाडांत १८०३ पर्यंत भोसले व निजाम यांचा दुहेरी अंमल. रयत दोन धन्यांना वसूल देई आणि दोघांपैकीं रक्षण कोणीच करीत नसे. अशा मुलखांत नाइकाची गढी हेंच खरें सरकार झालें, तर नवल काय? त्यांतून लूटमारही होई, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. नाइकांना निव्वळ स्वातंत्र्यवीर ठरविणें हा आमच्या मतें इतिहासाशीं अप्रामाणिकपणाच होय.

या नाइकांत नोवसाजी सर्वांत प्रबळ निघाला. पेशवाई १८१८ सालीं बुडाली. तिच्याबरोबर शिबंदींतील अरबही उघडे पडले. त्यांपैकीं कित्येकांना त्याच्यापाशीं आश्रय मिळाला. समोर निजामाची जुनी, पगार थकलेली फौज असती तर तो कदाचित् आणखी वर्षें टिकता. परंतु हैद्राबादचा रेसिडेंट हेन्री रसेल यानें इंग्रज अंमलदारांखालीं कवायती पलटणी उभारल्या होत्या. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा! उमरखेडजवळ नोवसाजीचा मोड झाला आणि जानेवारी १८१९ मध्यें मेजर पिटमन यानें नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला. तोफा, मोर्चे, सुरुंग असें सर्व शास्त्रोक्त चालून ३१ जानेवारीस हल्ला झाला. आंत पांचशेंवर माणसें होतीं. त्यांतलीं चारशेंहून अधिक कापलीं गेलीं. इतकी कत्तल शरण येणाऱ्यांची होती कीं लढणाऱ्यांची, हा प्रश्न विचारणारें कोणी तेव्हां नव्हतें. हकीकत लिहिली ती जेत्यांनीं. नोवसाजीला हैद्राबादेस नेलें. तो तेथेंच मेला.

बंड मोडलें, फौज मात्र राहिली. तिच्या पगारासाठीं दिवाण चंदुलालानें पामर कंपनीकडून जबर व्याजानें कर्जें काढलीं, आणि तीं बुडीत जातांच इंग्रजांचें देणें वाढत गेलें. अखेर मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड त्या खर्चासाठीं इंग्रजांच्या हवालीं झालें. वाशीमही त्यांतच गेलें. ज्या फौजेनें निजामाकरितां नाइकाची गढी घेतली, तिनेंच निजामाचा प्रांत गिळला!

नोव्ह्याचें नांव त्या पलटणींना मानचिन्ह म्हणून मिळालें. पुढें त्यांची हैद्राबाद रेजिमेंट झाली, व १९४५ सालीं तिला कुमाऊं हें नांव देण्यांत आलें. हिमालयाच्या पायथ्याच्या जवानांच्या वारशांत आमच्या एका गढीचें नांव असें जाऊन बसलें आहे.