गोव्यातील खनिज तेजी आणि उच्च शिक्षणाची निवड (१९४७ ते २०१८)

प्रस्तावना

ठाकुर्ली-डोंबिवली परिसरात अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकाला 'बारावीनंतर पदवी घ्यावी की नाही' हा प्रश्न विद्यार्थ्याकडून सहसा ऐकावा लागत नाही. शाखा कोणती आणि महाविद्यालय कोणते, एवढाच प्रश्न असतो. येथील बहुतेकांची नोकरी लोकलच्या दुसऱ्या टोकाला असते आणि तिच्यासाठी पदवी गृहीत धरलेली असते. ज्या प्रदेशात रोजगार घरामागच्या डोंगरातून निघतो, तेथे मात्र पहिला प्रश्न खराखुरा असतो. प्रस्तुत लेखात गोव्यातील लोहखनिजाच्या दोन तेजींच्या आधारे त्याचा विचार केला आहे. 'झटपट पैसा आला की तरुणांचे शिक्षणावरील लक्ष उडते' हे सर्रास केले जाणारे विधान या इतिहासावर घासून पाहता अपुरे ठरते. तेजीमुळे शिक्षण लांबणीवर पडते हे खरे. परंतु लांबलेले शिक्षण कायमचे बुडते की नाही, हे तेजीने तरुणाच्या हाती मजुरी दिली की कर्ज दिले, यावर बरेचसे अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिली तेजी : महाविद्यालयाविना

गोव्यातून लोहखनिजाची निर्यात १९४७ मध्ये अवघ्या काही टनांनी सुरू झाली. युद्धोत्तर जपानच्या पोलाद उद्योगाची मागणी वाढत गेली, तसे १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण १० लाख टनांच्या पुढे गेले. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील खनिज मांडवी-जुवारीतून बार्जने मुरगाव बंदरात जाऊ लागले.

याच काळात गोमंतकीय तरुणापुढे उच्च शिक्षणाचे कोणते पर्याय होते? १८४२ पासूनचे वैद्यकीय विद्यालय आणि १८५४ पासूनचे लिसेव ही पोर्तुगीज राजवटीतील प्रमुख स्थाने होती. कला, विज्ञान वा वाणिज्य शाखेची पदवी हवी असल्यास मुंबई, पुणे, बेळगाव किंवा धारवाड गाठावे लागे. १९५५ नंतर भारताने आर्थिक नाकेबंदी कडक केल्यावर सीमेपलीकडे जाणेही अवघड झाले. म्हणजे शिक्षणाची वाट अरुंद झाली आणि खाणीची वाट रुंद झाली, ती एकाच दशकात. त्या पिढीने पदवीऐवजी खाण 'निवडली' असे म्हणणे म्हणूनच अनैतिहासिक होय. निवडीसाठी दोन पर्याय लागतात.

दुसरा पर्याय उभा राहिला तो गोवामुक्तीनंतर, आणि योगायोग असा की तोही खाणीच्याच पैशातून. १९६२ मध्ये पणजीचे धेंपे महाविद्यालय व मडगावचे चौगुले महाविद्यालय सुरू झाले. दोन्हींमागे खाणमालक घराणी होती आणि दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हेही खाणमालकच, आणि खेडोपाडी प्राथमिक शाळा पोहोचविण्याचे श्रेय त्यांच्या कारकिर्दीला दिले जाते. खाण आणि शाळा यांचे वैर मानणाऱ्यांनी हा तपशील विसरू नये. तथापि नव्या संस्था मडगाव-पणजीत होत्या, खाणी डिचोली-सांग्यात. खाणपट्ट्यातील साखळी व केपे येथे शासकीय पदवी महाविद्यालये यायला १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. गोवा विद्यापीठाची स्थापनाही १९८५ ची.

दुसरी तेजी : ट्रक आणि हप्ता

एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनची मागणी वाढली. पूर्वी टाकाऊ म्हणून डोंगरासारखे रचून ठेवलेले कमी प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले. २०१०-११ मध्ये गोव्यातून होणारी निर्यात ५ कोटी टनांच्या घरात पोहोचली. २०११ च्या आरंभी जागतिक बाजारात खनिजाचा भाव टनाला १८० डॉलरच्या वर गेला होता.

या तेजीत यांत्रिकीकरणामुळे खुद्द खाणीत माणसे कमी लागत होती. पैसा गावात आला तो वाहतुकीतून. खाणीपासून धक्क्यापर्यंत खनिज वाहण्यासाठी ट्रक हवा होता आणि तो स्थानिक कुटुंबाने कर्ज काढून घ्यावा, अशी व्यवस्था रुळली. कुडचडे-सावर्डे मार्गावरील ट्रकांच्या रांगा हे त्या काळाचे परिचित दृश्य होते. बारावी झालेल्या मुलापुढे एका बाजूला तीन वर्षांची पदवी व त्यानंतरची अनिश्चित नोकरी, तर दुसऱ्या बाजूला घरच्या ट्रकचे चाक. त्याने चाक धरले तर त्यात आळस कुठला? हिशेब होता, आणि त्या दिवसापुरता तो बरोबरही होता.

हा हिशेब मुख्यतः मुलांपुरता होता, हेही नोंदविले पाहिजे. ट्रक, बार्ज आणि खाणीतील यंत्र ही तिन्ही पुरुषांची कामे मानली जात. घरातील मुलीपुढे असा पर्यायच नव्हता. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या अलीकडच्या अहवालांत गोव्यातील मुलींचे उच्च शिक्षणातील प्रमाण मुलांपेक्षा अधिक दिसते. त्याचे सारे श्रेय अर्थातच खाणीला देता येणार नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये नेमलेल्या न्या. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यानंतर काही दिवसांतच राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये न्यायालयाने वार्षिक २ कोटी टनांच्या मर्यादेसह बंदी उठविली. परंतु नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टे फेब्रुवारी २०१८ मध्ये पुन्हा रद्द झाले. २००५ मध्ये अठराव्या वर्षी ट्रकवर बसलेला मुलगा पहिल्या बंदीच्या वेळी पंचवीस वर्षांचा होता, दुसऱ्या वेळी एकतीस. ट्रक अंगणात उभा होता आणि बँकेचा हप्ता चालू होता. शासनाला खाणबाधित कर्जदारांसाठी कर्जसवलतीची योजना आणावी लागली, यावरून त्या ओझ्याची कल्पना यावी.

परतीची वाट

अन्यत्र झालेला अभ्यास येथे उपयोगी पडतो. डॅन ब्लॅक व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतील केंटकी व पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा पट्ट्याविषयी दाखविले की, १९७० च्या दशकातील तेजीत अकुशल कामाची मजुरी वाढली तशी माध्यमिक शाळांतील नोंदणी घटली. याउलट कॅनडातील अल्बर्टाच्या १९७३ ते १९८१ मधील तेलतेजीचा अभ्यास करताना एमरी, फेरेर व ग्रीन यांना २०१२ मध्ये वेगळे चित्र दिसले : तेजीतील तरुणांनी शिक्षण पुढे ढकलले, पण नंतर ते परतले आणि त्या पिढीचे एकूण शिक्षण अखेर घटले नाही.

अल्बर्टातील तरुण तेजी संपताना मजुरी घेऊन बाहेर पडला. गोव्यातील तरुण हप्ता घेऊन. पहिल्याच्या गाठीशी महाविद्यालयात परतण्याइतकी शिल्लक असू शकत होती, दुसऱ्याला आधी कर्ज फेडायचे होते. तेजीचा उच्च शिक्षणावरील परिणाम मोजताना केवळ प्रवेशसंख्या पाहून भागत नाही, ते यामुळेच.

हा प्रश्न आता महाराष्ट्रातही उभा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज उत्खनन २०२१ पासून नियमित सुरू झाले आणि २०२३ मध्ये त्याची परवानगी वार्षिक ३० लाखांवरून १ कोटी टनांवर गेली. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून त्याच जिल्ह्यात आहे. गोव्याच्या पहिल्या पिढीला न मिळालेला दुसरा पर्याय एटापल्लीच्या तरुणाला निदान कागदोपत्री उपलब्ध आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तो पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकतो आणि श्रेयांक पेढीतील आपल्या श्रेयांकांवर परतही येऊ शकतो. हे श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात. गोव्यातील दुसरी तेजीही साधारण तितकीच टिकली; म्हणजे तशा तेजीच्या आरंभी बाहेर पडलेल्याची मुदत नेमकी मंदीच्या तोंडावर संपेल. सुरजागडचा खाणपट्टा मात्र २०५७ पर्यंतचा आहे.