सहाशे मीटर पळण्याआधी



वजनकाटा आपल्या ओळखीचा आहे. अंगणवाडीत लेकरू काट्यावर चढलं की आपण मान वाकवून आकडा पाहतो. दंडाची पट्टी ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेली तर लेकरू तीव्र कुपोषित, हेही आता आपल्या गटातल्या बायांना पाठ आहे. पण लेकरू पहिलीत गेलं की आपलं हे पाहणं थांबतं. मापं मात्र थांबत नाहीत. शाळेत उंची-वजन घेतात, एका पायावर उभं करतात, चौथी-पाचवीतल्यांना ५० मीटर आणि ६०० मीटर पळवतात आणि आकडे भरतात. लेकरू घरी येऊन सांगतं, "माझा नंबर शेवटून दुसरा आला." आपण म्हणतो, "असू दे, जेव." ही मापं आली कुठून, ती कोणासाठी केली होती आणि त्यातून आपल्या लेकराचं काय कळतं, ते आज सांगतो.

पूर्वी आखाड्यात माप म्हणजे गणती. किती जोर, किती बैठका, किती नमस्कार. औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले, तेव्हाही मोजायचे ते नमस्कारच. आपल्या विदर्भात अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं. तिथल्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन आपले देशी खेळ जगाला दाखवले. आखाड्याच्या गणतीत एक गोष्ट चांगली होती. काल वीस बैठका काढणारा आज बावीस काढतो का, एवढंच बघायचं. त्याची तुलना त्याच्याशीच. पण आखाडा पोरांचा होता. पोरीची ताकद कोणी मोजलीच नाही. डोक्यावर दोन गुंड पाणी घेऊन विहिरीवरून येणारी दहा वर्षांची पोरगी किती दमदार आहे, हे कोणत्याच वहीत लिहिलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने यात लक्ष घातलं. १९५४ साली, म्हणजे आपला भंडारा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता तेव्हा, दिल्लीत फाळणीच्या निर्वासित मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली. ती सुरू करणारे जनरल जगन्नाथराव भोसले सावंतवाडीकडचे, नेताजींच्या आझाद हिंद सेनेतले. घरदार गेलेल्या मुलांना कवायत, खेळ, शिस्त द्यायची, असा तो विचार होता. पुढे १९५९-६० मध्ये राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम आली. पळणं, उडी, फेक यांना ठरावीक पातळ्या आल्या. तेव्हापासून गणतीच्या जागी तक्ता आला. तक्ता म्हणजे काय, तर 'या वयाला एवढं यायलाच पाहिजे'.

तक्त्याची खरी गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि ती जरा सावकाश सांगण्यासारखी आहे. हान्स क्राउस नावाचे डॉक्टर आणि त्यांच्या सहकारी सोन्या वेबर यांनी सहा सोप्या चाचण्या केल्या होत्या. पोटाची ताकद, पाठीची ताकद, आणि गुडघे न वाकवता बोटं जमिनीला टेकतात का. १९५० नंतर त्यांनी या चाचण्या अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या शाळकरी मुलांवर घेतल्या. अमेरिकेत शंभरातली ५७-५८ मुलं एखाद्या तरी चाचणीत नापास झाली. युरोपात नापास झाली शंभरातली आठ-नऊ. मोटारी, लिफ्ट, भरपूर खाणं-पिणं असलेल्या देशाची मुलं कमजोर निघाली! राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापर्यंत बातमी गेली आणि १९५६ मध्ये मुलांच्या तंदुरुस्तीसाठी खास परिषद नेमली गेली. घाबरण्यामागे युद्धाचीही काळजी होती. उद्याचे सैनिक असे कसे चालतील? आता गंमत पाहा. नापास झालेल्यांत बरीच मुलं त्या वाकण्याच्या चाचणीत अडकली होती. म्हणजे देश हादरला तो मोठ्या प्रमाणात बोटं जमिनीला टेकली नाहीत म्हणून. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या आपल्या बायांना ही चाचणी दिली असती तर सगळ्या पहिल्या आल्या असत्या, आणि तरी त्यांच्या अंगात रक्त किती आहे हे कळलं नसतं.

त्यानंतर १९५८ मध्ये तिकडे मुलांसाठी चाचण्यांचा नवा संच आला. त्यात ५० यार्ड पळणं होतं, ६०० यार्ड पळणं-चालणं होतं, आणि सॉफ्टबॉलचा चेंडू लांब फेकणंही होतं. ज्या गावात तो खेळच नाही तिथलं पोरगं चेंडू कसं फेकणार? आम्हाला वाटतं, प्रत्येक चाचणी आपलं गाव सोबत घेऊन फिरते.

आपल्याकडे २०१९ पासून 'खेलो इंडिया'चा संच शाळांमध्ये आला. त्यातल्या ५० आणि ६०० मीटरचं त्या जुन्या यार्डांशी नातं दिसतंच. पाच ते आठ वर्षांच्या लहानांसाठी तीनच गोष्टी आहेत. उंची-वजन, दोन चकत्यांवर आलटून पालटून हात भरभर टेकवणं, आणि एका पायावर तोल सांभाळणं. या तोलाच्या चाचणीला नाव आहे फ्लेमिंगोचं, तो पक्षी एका पायावर उभा राहतो म्हणून. आपल्या भंडारा-गोंदियाकडे धानाच्या शेतात सारस असाच उभा असतो, आणि आपली लेकरं लंगडी आणि बिल्लस खेळताना तासभर तेच करतात. ही चाचणी त्यांना जड जाऊ नये. जात असेल तर लेकरू खेळत नाही, असं समजून विचारपूस करावी.

नऊ वर्षांपासून पुढे पळणं, बसून पुढे वाकणं, पोटाची ताकद आणि पुशअप. पोरींना पुशअप गुडघे टेकवून. सवलत म्हणून ठीक आहे, पण आम्ही पाहतो की गुडघे टेकवायचे म्हटलं की पोरी आधीच "आमच्याने होत नाही" म्हणून हसतात. तो समज कुठून येतो, हे आपण घरातच तपासावं.

उंची-वजनातून जो आकडा काढतात त्याला बीएमआय म्हणतात. किलोतलं वजन भागिले मीटरमधली उंची, आणि पुन्हा त्याच उंचीने भागायचं. १२५ सेंटीमीटर उंचीच्या, २० किलोच्या पोरीचा आकडा येतो १२.८. हे गणित बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडलं. त्याला पूर्ण समाजाचा सरासरी माणूस शोधायचा होता, एकेका लेकराची तब्येत नाही. म्हणून जपून वापरायचं. मोठ्यांसाठी १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन, पण तो आकडा लेकराला लावायचा नाही. नऊ वर्षांच्या पोरीचा आकडा १६ च्या आसपास असणं साधारण धरतात. लेकराचं वय आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यात बघावं लागतं. आपल्या उदाहरणातली पोरगी नऊ वर्षांची असेल तर ती बारीक आहे, तिला आरोग्य सेविकेला दाखवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७० च्या दशकात खेड्यांतल्या मुलग्यांचा अभ्यास केला. लहानपणी ज्यांना खायला कमी पडलं त्यांची वाढत्या वयात मेहनत करण्याची क्षमता कमी भरली, आणि ती त्यांच्या कमी वजनाशी जोडलेली होती. मैत्रिणींनो, याचा अर्थ नीट घ्या. चौथीतलं पोरगं ६०० मीटरमध्ये मागे पडतं तेव्हा ते आळशी आहे म्हणून असेलच असं नाही. त्याचा निकाल कदाचित अंगणवाडीच्या वहीत, किंवा त्याच्या आईच्या बाळंतपणाच्या कार्डावर आधीच लागलेला असतो. 'पळत नाही' असा शेरा लिहून पान उलटलं तर त्या मापाचा काहीच उपयोग झाला नाही.

आणि आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट त्याहून जास्त जपायची आहे, ती म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भात तो किती घरांत आहे हे तुम्हाला सांगायला नको. सिकलसेलचा आजार असलेल्या लेकराला उन्हात, पाणी न पाजता, दम तुटेपर्यंत पळवणं धोक्याचं आहे. अंगातलं पाणी कमी झालं की त्याच्या दुखण्याची कळ उठू शकते. बाहेरून आलेल्या कोणत्याही तक्त्यात ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहिलेली नसते. ती आपणच वर्गशिक्षकांना सांगायची. लेकराचं कार्ड दाखवायचं, "गुरुजी, याला सकाळच्या थंड वेळी, पाणी पाजून, झेपेल तेवढंच चालू द्या" म्हणायचं. हे लपवू नका. पुढे पोरीच्या लग्नाला अडचण येईल म्हणून काही घरं लपवतात, आणि सोसावं लागतं त्या पोरीला.

धाप लागणारी, पांढुरकी दिसणारी लेकरंही वेगळी पाहावी. लहान वर्गांना आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची गुलाबी गोळी ते खरंच गिळतं का, हे त्याला विचारा. बऱ्याच गोळ्या खिडकीबाहेर जातात.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया. आपल्या गटातली बाई त्या समितीत असेल तर पुढच्या बैठकीत तिने एवढं विचारावं: मागच्या वर्षीची मापं कुठे आहेत, आणि यंदाची त्यांच्या शेजारी लिहिली का? एकाच लेकराचे दोन वर्षांचे आकडे जवळजवळ ठेवले, म्हणजे दुसऱ्या कोणाशी तुलना करावी लागत नाही. ज्यांचं वजन वर्षभर हललंच नाही अशा लेकरांची नावं वेगळी काढून घ्यावी. शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या बाया बऱ्याच ठिकाणी आपल्याच गटातल्या आहेत. कोणतं लेकरू ताटात टाकतं आणि कोणतं दुसऱ्यांदा मागायला लाजतं, हे त्यांना ठाऊक असतं. ती यादी आधी त्यांना दाखवा.