युद्धातील उंचीची दृष्टी : लष्करी बलून आणि १८१८ ची खानदेश मोहीम

प्रस्तावना :

तटबंदीच्या पलीकडे शत्रूचे बळ किती आहे, हे जाणून घेणे ही प्रत्येक सेनापतीची पहिली गरज असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही गरज भागविणारे एक नवे साधन युरोपात निर्माण झाले. मॉन्गोल्फिए बंधूंच्या उष्ण हवेच्या बलूनमधून २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिस येथे मानवाने पहिले मुक्त उड्डाण केले आणि त्यानंतर अकरा वर्षांच्या आत बलून रणांगणावर आला. १८१८ मध्ये खानदेश जिंकणाऱ्या इंग्रज फौजांजवळ मात्र हे साधन नव्हते. त्या मोहिमेतील थाळनेर व मालेगाव येथील घटना लष्करी बलूनच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिल्यास उंचीवरून मिळणाऱ्या दृष्टीचे मोल व तिची मर्यादा ही दोन्ही स्पष्ट होतात. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने विवेचन केले आहे.

लष्करी बलूनचा उदय :

फ्रेंच क्रांतिकारी शासनाने एप्रिल १७९४ मध्ये बलूनचालकांची स्वतंत्र लष्करी तुकडी स्थापन केली. २६ जून १७९४ रोजी सध्याच्या बेल्जियममधील फ्लरूस येथे झालेल्या लढाईत कुतेल या अधिकाऱ्याने दोरांनी जखडलेल्या बलूनमधून कित्येक तास टेहळणी केली व शत्रूच्या हालचालींच्या चिठ्ठ्या खाली सोडल्या. फ्रेंचांचा विजय झाला. परंतु त्या विजयात बलूनचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. बलूनसाठी लागणारा हायड्रोजन तापलेल्या लोखंडावरून वाफ सोडून तयार करावा लागे. त्यासाठी भट्टी उभारणे, वायू भरण्यात दीर्घ वेळ घालविणे आणि भरलेला बलून दोरांनी धरून माणसांकरवी पुढे नेणे भाग पडे. १७९९ मध्ये ही तुकडी बरखास्त झाली.

अमेरिकेतील यादवी युद्धात थॅडियस लो याने १८ जून १८६१ रोजी बलूनमधून थेट अध्यक्ष लिंकन यांना तारायंत्राने संदेश पाठविला. गाड्यांवरून नेता येणारी वायुनिर्मितीची साधनेही त्याने वापरात आणली. ब्रिटिश लष्कराने वुलिच येथे बलूनचे पद्धतशीर प्रयोग सुरू केले ते १८७८ मध्ये. पुढे बोअर युद्धात लेडीस्मिथ येथे त्याचा उपयोग झाला. म्हणजे खानदेशच्या मोहिमेनंतर तब्बल साठ वर्षांनी ब्रिटिशांनी या साधनाकडे गांभीर्याने लक्ष दिले.

खानदेशची भूरचना आणि टेहळणी :

खानदेशात उंचीची उणीव नव्हती. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर आणि मधून वाहणारी तापी अशी या प्रदेशाची रचना आहे. धुळ्याजवळील लळिंगसारख्या किल्ल्यांवरून घाटवाटा व व्यापारी मार्ग यांवर नजर ठेवता येई. सपाट प्रदेशात जे काम बलूनकडून अपेक्षित होते, ते येथे डोंगर करीत आणि त्या डोंगरांची खरी माहिती भिल्ल समाजाला होती. कंपनी सरकारने हे ओळखले. जेम्स औट्रम याने १८२५ मध्ये धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली, तिचे एक कारण हेच होते. डोंगराची दृष्टी परक्या सैन्याला केवळ उंचावर चढून लाभत नाही. ती स्थानिक माणसांकडूनच मिळवावी लागते. नदीकाठच्या व मैदानातील कोटांच्या बाबतीत मात्र डोंगरही उपयोगी पडत नव्हता.

थाळनेर : २७ फेब्रुवारी १८१८

थाळनेर हे गाव आज धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात आहे. तेथील किल्ल्याच्या एका बाजूस तापीचे पात्र व इतर बाजूंस खोल घळी असून आत जाण्यासाठी एकामागे एक दरवाजे होते. महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहान्वये होळकरांचा खानदेशातील मुलूख इंग्रजांकडे आला होता. सर थॉमस हिस्लॉप फौजेसह आला, तेव्हा किल्लेदाराने ताबा देण्यास नकार दिला. तोफांच्या माऱ्यानंतर इंग्रज बाहेरील दरवाज्यांतून आत शिरले आणि किल्लेदार बाहेर येऊन त्यांच्या स्वाधीन झाला. अखेरच्या दरवाजाशी मात्र अरब शिबंदी होती. तिच्याशी शरणागतीच्या अटींबाबत बोलणी चालू असता, परस्परांची भाषा न समजल्याने, गोंधळ उडाला. दिंडीतून आत गेलेल्या इंग्रजांवर हल्ला होऊन मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर ठार झाले. त्यानंतर इंग्रज सैन्याने सुमारे तीनशे शिबंदीची कत्तल केली व किल्लेदारास फाशी दिले. या कृत्याची चर्चा ब्रिटिश पार्लमेंटमध्येही झाली.

येथे बलून असता तर काय झाले असते? दरवाज्यांची रचना व शिबंदीचा अंदाज आधी कळला असता. परंतु कत्तलीचे कारण शिबंदीची अज्ञात संख्या हे नव्हते. दिंडीच्या आतील माणसे शरण येत आहेत की लढणार आहेत, हे तेथे कोणालाच कळले नाही, आणि ते आकाशातूनही दिसले नसते.

मालेगाव : मे-जून १८१८

१८६९ मध्ये नाशिक जिल्हा स्थापन होईपर्यंत मालेगाव खानदेशातच होते. नारोशंकराने मोसम नदीकाठी बांधलेल्या तेथील कोटावर कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने २९ मे रोजी हल्ला केला. तोफांनी पाडलेल्या खिंडारावर चढल्यावरच पलीकडील खोली लक्षात आली; आत सोडलेल्या शिड्या पुरल्या नाहीत आणि हल्ला फसला. उंचीवरील टेहळणीचा उपयोग झाला असता तो येथे. पुढे जूनमध्ये तोफगोळ्याने कोटातील दारूगोळ्याचे कोठार उडाले व शिबंदीने शरणागतीची तयारी दर्शविली. ही शिबंदीही अरबांचीच होती; परंतु येथे तिने लेखी हमी मागितली व ती मराठीत लिहून देण्यात आली. त्या कागदातील शब्द सेनापतीच्या मनातील अटींहून अधिक उदार ठरले, तरी एल्फिन्स्टनने त्यांचा अर्थ शिबंदीच्या बाजूने लावला. मालेगावात थाळनेरची पुनरावृत्ती झाली नाही.

निष्कर्ष :

एकाच प्रदेशात, एकाच वर्षी, चार महिन्यांच्या आत घडलेल्या या दोन घटनांची तुलना उद्बोधक आहे. मालेगावचा पहिला हल्ला दृष्टीच्या अभावी फसला, तर थाळनेरची कत्तल संवादाच्या अभावी घडली. पहिली उणीव बलूनने भरून काढता आली असती, दुसरी नाही. उंचीवरून भिंती, तोफा व माणसांची संख्या दिसते. माणसांचा हेतू दिसत नाही. तो कळण्यासाठी उभयतांना समजणारी भाषा आणि दिलेला शब्द पाळण्याची तयारी लागते. १८९९ च्या हेग परिषदेने बलूनमधून स्फोटके टाकण्यास पाच वर्षे बंदी घातली, परंतु बलूनमधील टेहळणीवर निर्बंध घातला नाही. पाहणे हे निरुपद्रवी मानले गेले. उपग्रह व ड्रोन यांच्या आजच्या काळात लष्करी दृष्टी पूर्वी कधी नव्हती इतकी दूरवर पोहोचली आहे. अशा वेळी तापीकाठच्या थाळनेरचा अनुभव युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनी दृष्टीआड करू नये.