ओल्ड ट्रॅफर्ड (ट्राम स्थानक)

ओल्ड ट्रॅफर्ड : इंग्लंडमधील ग्रेटर मँचेस्टरच्या ‘मेट्रोलिंक’ या ट्रामसेवेचे स्थानक. मँचेस्टरच्या नैर्ऋत्येस ऑल्ट्रिंगम मार्गावर ते आहे. शहराच्या बाजूला ट्रॅफर्ड बार आणि पलीकडे स्ट्रेटफर्ड ही लगतची स्थानके. लँकेशायर कौंटीचे क्रिकेट मैदान रुळांना खेटून आहे. स्थानकाबाहेरच्या रस्त्याला लँकेशायरचा जलदगती गोलंदाज ब्रायन स्टॅथम याचे नाव दिलेले आहे. मँचेस्टर युनायटेडचे त्याच नावाचे फुटबॉल मैदान मात्र वेगळे. तिथे येथून चालत जावे लागते.

मँचेस्टर ते ऑल्ट्रिंगम हा लोहमार्ग 1849 मध्ये सुरू झाला. 1857 मध्ये मँचेस्टरला कलावस्तूंचे प्रचंड प्रदर्शन भरले आणि सुमारे 13 लाख लोकांनी ते पाहिले. त्यासाठी घेतलेल्या जागेत मँचेस्टर क्रिकेट क्लबचे मैदान गेले, म्हणून क्लब शेजारच्या सध्याच्या जागी आला. प्रेक्षकांसाठी रेल्वेने या मार्गावर एक स्थानकही उभारले. त्यामुळे मैदान आणि स्थानक दोघांचेही मूळ त्या एका प्रदर्शनात आहे. पुढे कित्येक वर्षे हे स्थानक सामन्यांसारख्या खास प्रसंगीच उघडत असे. 1931 मध्ये मार्गाचे विद्युतीकरण झाले तेव्हा ‘वॉरिक रोड’ या नावाने ते नियमित वाहतुकीत आले.

15 जून 1992 रोजी मार्गावर ट्राम धावू लागली आणि स्थानकाला आजचे नाव मिळाले. जुन्या वेळापत्रकांतले ‘ओल्ड ट्रॅफर्ड’ म्हणजे आजचे ट्रॅफर्ड बार, हे जुनी वर्णने वाचताना ध्यानात ठेवावे. नाहीतर प्रवासी एक स्थानक आधीच उतरल्यासारखा वाटतो. रूपांतर करताना रेल्वेचे उंच फलाट कायम ठेवले गेले आणि गाड्याही तशाच उंच तळाच्या घेतल्या. त्यामुळे प्रवासी पायरी न चढता थेट डब्यात शिरतो, चाकाची खुर्चीही सहज आत जाते. 750 व्होल्टच्या एकदिश विद्युतप्रवाहावर चालणारी हीच गाडी जुन्या लोहमार्गावरून येऊन मँचेस्टरच्या मध्यवस्तीत रस्त्यावरून धावते. संपूर्ण नवे बांधण्यापेक्षा आहे ते जपून वापरण्याचा हा निर्णय शहाणपणाचा होता.

भारतीय क्रिकेटरसिकाला हे स्थानक दुरून का होईना, ओळखीचे आहे. मैदानाच्या एका टोकाला ‘वॉरिक रोड एंड’ म्हणत. 1936 मध्ये विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी येथे 203 धावांची सलामी दिली. 1952 मध्ये विजय हजारे यांचा संघ एकाच दिवसात 58 आणि 82 धावांत दोनदा गारद झाला. 1982 मध्ये संदीप पाटील यांनी बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार ठोकले. एक नोबॉल असल्याने ते षटक सात चेंडूंचे होते. पाटील शेवटपर्यंत बाद झाले नाहीत, 129 धावा झाल्या. सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने 1990 मध्ये नाबाद 119 धावा करून सामना वाचवला. ते त्याचे पहिले कसोटी शतक. तेव्हा स्थानकाच्या पाटीवर वॉरिक रोडच होते आणि गाड्या ब्रिटिश रेल्वेच्या होत्या.

खेळपट्टी पूर्वी पूर्व-पश्चिम होती. संध्याकाळच्या उन्हाने फलंदाजाचे डोळे दिपत, म्हणून 2010-11 च्या हिवाळ्यात ती काटकोनात फिरवून उत्तर-दक्षिण करण्यात आली. मुंबईकर यष्टिरक्षक फारूख इंजिनियर 1968 ते 1976 या काळात लँकेशायरकडून खेळले. 2025 मध्ये येथील एका स्टँडला त्यांचे नाव देण्यात आले.

फुटबॉलच्या दिवशीही येथे मोठी गर्दी उतरते आणि वॉरिक रोडने चालत चेस्टर रोड ओलांडून पुढे जाते. 2020 मध्ये ट्रॅफर्ड पार्क मार्ग सुरू झाल्यापासून फुटबॉल मैदानासाठी व्हार्फसाइड हे दुसरे स्थानकही उपलब्ध आहे.