थिओची दृष्टी आणि वेड-डाल-टिल झडप

१/ ५ डिसेंबर १९६०, न्यूयॉर्क. भरधाव टॅक्सीने एका बाबागाडीला धडक दिली. आत होता चार महिन्यांचा थिओ, लेखक रोआल्ड डाल यांचा मुलगा. कवटीला जबर इजा झाली; बाळ वाचले.

२/ पुढे त्याला जलशीर्ष, अर्थात हायड्रोसेफॅलस, झाला. मेंदूतील द्रवाचा निचरा अडला की कवटीतील दाब वाढतो. तो दृष्टिचेतेवर पडला, तर डोळे निर्दोष असूनही दिसेनासे होते.

३/ यावरील उपाय म्हणजे शंट: द्रव शरीरात अन्यत्र वळवणारी नळी. तिच्यातील होल्टर झडप १९५६ची. अमेरिकन यंत्रकारागीर जॉन होल्टर यांनी ती स्वतःच्या आजारी मुलासाठी घडवली होती. थिओच्या बाबतीत मात्र ती वारंवार तुंबे. मग बाळाची दृष्टी जाई आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे.

४/ डाल यांनी दोघांना एकत्र आणले: सूक्ष्म पंप घडवणारे अभियंते स्टॅन्ली वेड आणि लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयातील मेंदूशल्यविशारद केनेथ टिल. १९६२मध्ये नवी झडप सिद्ध झाली. सिलिकॉनच्या आखूड नळीच्या दोन्ही टोकांना धातूच्या चकत्या. द्रव पुढे जाई, मागे फिरत नसे आणि तुंबण्याचा धोकाही कमी.

५/ तोवर थिओ सावरला होता. त्याला ती लागलीच नाही. तिघांनीही तिच्यावर नफा घेतला नाही. ती जगभरातील हजारो मुलांना बसवली गेली. होल्टर आणि डाल, दोघेही वैद्य नव्हते; दोघेही बाप होते.